टाकी केवढी आहे?

टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटवलेली आलेखाच्या कागदाची पट्टी बरोबर वीस सेंटिमीटर लांब होती, आणि माशाची शेपटी तिच्या पलीकडे दोन मिलिमीटर गेली होती.

दोन मिलिमीटर म्हणजे फार काही नव्हे. कापायचं राहून गेलेल्या नखाची कड असते, तेवढंच. पण पट्टी संपली होती आणि मासा संपला नव्हता, ही गोष्ट सकाळच्या चहाआधी पचणारी नव्हती. निरीक्षक टाकीसमोर गुडघ्यांवर बसून राहिले. एका हातात वही, दुसऱ्या हातात टोक काढलेली पेन्सिल, आणि वहीत लिहायला आकडाच नाही.

"अगं," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "हा पट्टीबाहेर गेला."

"मग दुसरी पट्टी जोडा," बायको आतून म्हणाली. "आणि नवीन घर बघायला घ्या. त्याला नको, आपल्याला."

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. गावातल्या प्रत्येक दुकानदाराच्या काट्याखाली ते एकदा तरी वाकून बघून आले होते. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं शिसं, तराजूच्या दोरीला मारलेली गाठ, दुधाच्या मापाला बाहेरून दिलेला पोचा, सगळं त्यांनी पकडलं होतं. 'सुमारे' हा शब्द त्यांना चालत नसे. हाताखालच्या कारकुनाने अहवालात तो लिहिला, तर ते लाल शाईने खोडत आणि समासात 'म्हणजे किती?' असं लिहीत. असा माणूस आकाराच्या बाबतीत फसला, तेही तीन बोटांच्या एका माशाकडून, हे खात्याला कळलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पनाही ते करू धजत नसत.

घरी आला तेव्हा मासा साडेचार सेंटिमीटरचा होता. सहा छोटे चमकदार मासे टाकीत आधीच होते. त्यांच्या सोबतीला काच साफ करणारा म्हणून दुकानदाराने हा सकर दिला. दिसायला काळसर, अंगावर खरखरीत खवले आणि तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडाने काचेला चिकटून तो शेवाळ खात पुढे सरके.

"एवढाच राहतो हा," दुकानदार म्हणाला होता. "टाकी बघून वाढतो."

टाकी बघून वाढतो, हे वाक्य निरीक्षकांना फार आवडलं होतं. त्यात एक शिस्त होती. खात्यात माणसं खुर्ची बघून वाढतात, तसंच काहीसं.

पहिले तीन महिने त्याने काच खरोखर साफ केली. टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो इतक्या संशयाने प्रत्येक इंच तपासत जाई, की लेकीने त्याचं नाव 'धाकटे निरीक्षक' ठेवलं. ते नाव मजल्यावरच्या चारही घरांत पोचलं आणि थोरल्या निरीक्षकांना लिफ्टमध्ये "धाकटे कसे आहेत?" असं विचारलं जाऊ लागलं. चौथ्या महिन्यापासून मात्र धाकट्यांनी जेवढं साफ केलं, त्याच्या दुप्पट घाण करायला सुरुवात केली. फिल्टर दिवसभर दम लागल्यासारखा वाजे. काच साफ करायला आणलेल्या माशामुळे आठवड्यातून दोनदा टाकी साफ करावी लागे, आणि ते काम अर्थातच थोरल्यांकडे आलं.

मोजणी दर रविवारी होई. पद्धत चोख होती. काकडीची एक चकती टाकीत आतल्या बाजूने अशी अडकवायची, की तिची कड पट्टीच्या शून्याच्या रेघेवर येईल. मासा काकडीला तोंड लावून काचेवर आडवा चिकटला की शेपटीचा आकडा वाचायचा. पुढे पुढे असं होऊ लागलं, की रविवारी निरीक्षकांनी वही उघडल्याचा आवाज झाला तरी मासा पट्टीखाली येऊन थांबे. काकडी नसली तरी थांबे. याची नोंद मात्र निरीक्षकांनी वहीत केली नव्हती. तसा रकाना नव्हता.

"बाबा, आता काय करायचं याचं?" लेक दर महिन्याला विचारी.

"ठरवू. अजून आकडे पुरेसे नाहीत. वाढ मंदावेल, मग आलेख सपाट होईल."

आलेख सपाट होत नव्हता. दर रविवारी सरासरी सव्वातीन मिलिमीटर या वेगाने तो जिना चढावा तसा वर चालला होता.

मध्यंतरी एकदा आशेचा किरण दिसला होता. लेक विज्ञानाला होती. ती म्हणाली, "पाण्यातली वस्तू मोठी दिसते बाबा. प्रकाश वाकतो ना."

निरीक्षकांचा चेहरा असा उजळला, की बायकोला वाटलं बढती मिळाली. म्हणजे सगळीच मोजमापं चुकीची! मासा मुळात लहानच आहे, मोठा दिसतोय तो प्रकाशामुळे! त्यांनी दोन दिवस रजा असल्यासारख्या आनंदात काढले. तिसऱ्या दिवशी लेक परत आली आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "पण बाबा, तो तर काचेलाच चिकटतो. मध्ये पाणीच नसतं. म्हणजे तुमचा आकडा बरोबर आहे."

आपली मोजणी अचूक असल्याचं एवढं दुःख खात्यातल्या कोणत्याच माणसाला आजवर झालं नसेल.

पट्टी संपली त्या रविवारी समोरच्या काकू डबा परत द्यायला आल्या, त्यांनी टाकीत पाहिलं आणि डबा त्यांच्या हातातून पडता पडता राहिला. "अगं बाई! हा तो? तो एवढुसा? काय घालता काय याला?"

"काकडी," निरीक्षक कसनुसे म्हणाले.

"मग सोडून द्या की बागेतल्या तळ्यात. तोही सुटेल, तुम्हीही सुटाल."

लेकीने पुस्तकातून मान वर काढली. "काकू, तो तळ्यात जगतो, हाच तर त्रास आहे. दुसऱ्या माशांची अंडी खातो, काठ पोखरतो, आणि त्याला खाणारं तिथे कुणीच नाही."

"एवढा मोठा विचार तळं करतं का गं?" असं म्हणून काकू गेल्या.

तळ्यात मासा सोडायचा निरीक्षकांचा विचार नव्हता. ते नुसते बघायला गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, वाट थोडी वाकडी करून. काठावर उभे राहून त्यांनी खोलीचा अंदाज घेतला असेल नसेल, तोच मागून पहारेकऱ्याचा आवाज आला.

"मासा सोडायचाय ना?"

निरीक्षक दचकले. "मी? छे! माझ्या हातात काय आहे?"

"आधी रिकाम्या हातांनीच येतात सगळे. तोंडावरून ओळखू येतं." पहारेकऱ्याने काठीने पलीकडचा काठ दाखवला. तिथे मातीत हात जाईल एवढी भोकं पडली होती, एकाशेजारी एक, आणि वरचा बाक एका बाजूने खचला होता. "हे सगळं एकाच जातीच्या माशाचं काम. काळा, खरखरीत, तोंड खाली. तुमचाही तसाच का?"

"नाही," निरीक्षक म्हणाले. नोकरीच्या इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा ड्यूटीवरच्या माणसाशी खोटं बोलले, आणि ऑफिसला वीस मिनिटं उशिरा पोचले.

उरला कायद्याचा मार्ग. आपल्याच खात्याचा. त्यांनी कारकुनाला नियमांचं पुस्तक घेऊन बोलावलं आणि, मित्राचं प्रकरण आहे, अशी सुरुवात केली.

"दुकानदाराने माल देताना एक माप सांगितलं," ते म्हणाले, "आणि प्रत्यक्षात निघालं वेगळं."

"किती कमी निघालं साहेब?"

"कमी नाही. जास्त."

कारकुनाने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. "जास्त?"

"साडेचार सांगितलं होतं. वीस निघालं."

"मग तक्रार कुणाची आहे साहेब? दुकानदाराची?"

निरीक्षकांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. सगळं पुस्तक चाळून झालं. कमी दिल्याबद्दल अकरा कलमं होती, जास्त दिल्याबद्दल एकही नव्हतं. ज्या कायद्याची त्यांनी आयुष्यभर राखण केली, त्याने त्यांना या वयात असं उघड्यावर टाकावं, याचा त्यांना जबर धक्का बसला.

प्राण्यांच्या खात्यात एक अर्ज होता, 'पाळीव प्राणी स्थलांतर' नावाचा. त्यातला सातवा रकाना 'पायांची संख्या' असा होता. निरीक्षकांनी तिथे 'शून्य' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "रकाना रिकामा ठेवू नका."

"रिकामा नाही. शून्य आहे."

"शून्य म्हणजे रिकामाच ना?"

हे एका मोजमाप करणाऱ्या माणसाच्या तोंडावर सांगितलं गेलं. निरीक्षकांनी शून्याच्या महत्त्वावर बोलायला तोंड उघडलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि अर्जाची घडी करून खिशात घातली.

मग ते दुकानात गेले. ते दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना तीन-तीन थरांत टाक्या, ओली फरशी, आणि शंभर पंपांचा मिळून एक बुडबुडणारा आवाज. काउंटरच्या वर दोन पाट्या होत्या. 'काचेवर टिचकी मारू नये' आणि 'विकलेला मासा परत घेतला जाणार नाही'. मागच्या बाजूला जाड निळा पडदा होता. निरीक्षकांनी आधी माशांचं खाणं तोलायचा काटा तपासला. तो अगदी बरोबर निघाला. त्यामुळे त्यांची फार निराशा झाली.

"तुम्ही म्हणालात, एवढाच राहतो," त्यांनी सुरुवात केली.

दुकानदार डोळे न उचलता एका पिशवीला रबर लावत होता. "गेली कित्येक वर्षं ठरवतोय साहेब, हा मासा आणायचाच बंद करायचा. पण गिऱ्हाईक मागतं. काच घाण झाली की पहिलं हेच मागतं." मग त्याने मान वर केली. "तुमची टाकी केवढी आहे म्हणाला होतात तेव्हा?"

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, त्यांना एकदम उशीर झाला, आणि ते बाहेर पडले.

"काय म्हणाला?" घरी बायकोने विचारलं.

"उडवाउडवी. मी घेताना सगळं विचारलं होतं त्याला. सगळं."

बायको औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. ती म्हणाली, "मी कुणाला खोकल्याची बाटली देताना वय विचारते, बीपी विचारते, आणखी काय घेता ते विचारते. कधी कधी देतच नाही. आणि हा माणूस जिवंत प्राणी पिशवीत घालून देतो, भोपळा दिल्यासारखा?"

"तेच म्हणतो मी."

"तुम्ही म्हणताय ते 'ठरवू'. वर्षभर तेच म्हणताय."

अठ्ठ्याहत्तराव्या रविवारी मासा तीस सेंटिमीटरच्या पुढे गेला.

टाकी साठ सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद होती. त्या सकाळी काकडी संपल्यावर मासा नेहमीप्रमाणे वळायला गेला आणि वळू शकला नाही. तोंड मागच्या काचेला लागलं आणि शेपटी पुढच्या. तो तसाच थांबला. मग त्याने अंग धनुष्यासारखं वाकवलं, जोर केला, आणि शेपटीच्या फटक्याने एक दगड काचेवर आपटला. सहा छोटे मासे एका कोपऱ्यात दाटीने जमले. वळून झाल्यावर मासा तळाशी पडून राहिला. कल्ले जोरजोरात हलत होते.

निरीक्षकांनी वही मिटली. पेन्सिल खिशात ठेवली. बायको आणि लेक मागे उभ्या होत्या.

"टॉवेल आण," निरीक्षक लेकीला म्हणाले. "जाळीत त्याचे काटे अडकतील."

बादलीत मासा मावेना. समोरच्या काकूंनी नातीचा आंघोळीचा गुलाबी टब दिला, बदकांच्या चित्रांचा. टॅक्सीवाल्याने तो टब, त्यावरचा ओला टॉवेल आणि तो धरून बसलेले निरीक्षक यांच्याकडे आरशातून पाहिलं.

"बाळ आहे का आत?"

"मासा," बायको पुढून म्हणाली.

"जिवंत?"

तेवढ्यात टॉवेल उडाला. टॅक्सीवाल्याच्या मानेवर वाटीभर पाणी पडलं आणि पुढचा सगळा रस्ता तो सीटला छाती लावून, स्टिअरिंगवर ओणवा होऊन गाडी चालवत राहिला.

दुकानात एक चष्मेवाले गृहस्थ काउंटरशी उभे होते. त्यांच्या पुढ्यात रबर लावलेली पिशवी होती आणि पिशवीत तीन बोटांचा, काळसर, खरखरीत मासा.

"तुमची टाकी केवढी आहे?" दुकानदार त्यांना विचारत होता.

"मोठी आहे," गृहस्थ म्हणाले. "चांगली मोठी."

टब निरीक्षकांच्या हातातून निसटला. बायकोने खालून धरला म्हणून बरं. हेच ते शब्द! अगदी हेच, याच सुरात, याच काउंटरशी, दीड वर्षापूर्वी ते स्वतः बोलले होते. टाकी मोजली नव्हती. लहान म्हणावं असं वाटलं नव्हतं, म्हणून मोठी म्हणाले होते.

"मोठी म्हणजे किती?" त्यांच्या तोंडून निघालं. आवाज इतका मोठा होता, की गृहस्थ दोन पावलं मागे सरले.

"आपण कोण?"

"म्हणजे किती? सेंटिमीटरमध्ये सांगा."

गृहस्थांनी दोन्ही हात पसरून एक अंतर दाखवलं, मग ते थोडं वाढवलं. "मी जमीनमोजणीच्या ऑफिसात आहे," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "अंतराचं मला कुणी शिकवायला नको."

निरीक्षकांनी टब काउंटरवर ठेवला आणि टॉवेल काढला. गृहस्थ वाकले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं.

"हा... तोच?"

"तोच," निरीक्षक म्हणाले. "तीस पूर्णांक दोन. मीही मोठी आहे असंच म्हणालो होतो. मी वजनमापे खात्यात आहे."

बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "सगळं विचारलं होतं ना तुम्ही?"

निरीक्षक टबावरच्या बदकांकडे बघत राहिले.

दुकानदाराने टबाच्या एका बाजूला हात घातला आणि मानेने खूण केली. दोघांनी मिळून टब उचलला आणि निळा पडदा सारून आत नेला. बायको आणि गृहस्थ मागोमाग गेले.

आत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक टाकी होती. आठ फुटी. शेजारी एक खुर्ची, स्टुलावर जेवणाचा डबा, आणि टाकीत, लाकडाच्या ओंडक्यावर पडलेले, तीन सकर. प्रत्येक जण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा.

बाहेर ती पाटी, आणि पाटीच्या मागे, पाच पावलांवर, हे. "तुम्हाला माहीत होतं," निरीक्षक म्हणाले. "केवढा होतो ते. रोज त्यांच्या शेजारी बसून जेवता तुम्ही!"

"लोक आणून देतात. नाही म्हटलं तर तळ्यात टाकतात," दुकानदार म्हणाला. "पाटी लावली नाही तर रोज एक येईल. ठेवू कुठे?"

"मग विकताना सांगायचं," बायको म्हणाली.

"मी विचारतो ना बाई. टाकी केवढी आहे, हे मी प्रत्येकाला विचारतो."

"विचारून गप्प बसता. मीही दिवसभर विचारते, पण उत्तर ऐकलं की तोंड उघडते. 'मोठी' हे काय उत्तर झालं? ते उत्तर नाही हे तुम्हाला कळतं, यांना कळत नाही. म्हणून तुम्ही काउंटरच्या आत आणि हे बाहेर."

पंप बुडबुडत राहिले. दुकानदार टाकीवर हात ठेवून उभा होता. "चौथा मावेल यात," तो हळूच म्हणाला. "पाचवा नाही मावणार."

सगळ्यांची नजर गृहस्थांच्या हातातल्या पिशवीवर गेली. ती त्यांनी छातीशी धरली होती.

"हे बघा, माझी काच फार घाण झाली आहे," गृहस्थ म्हणाले. "आणि आमच्याकडे जागा आहे हो. बघू पुढे, ठरवू."

'ठरवू' ऐकताच निरीक्षक आणि दुकानदार यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुकानदाराने हात पुढे केला, गृहस्थांच्या हातातून पिशवी घेतली, बाहेर गेला, रबर सोडलं आणि तीन बोटांचा मासा त्याच्या टाकीत परत ओतला.

"हा तुम्हाला मिळणार नाही," तो बाहेरून म्हणाला. "काच पुसायला स्पंज देतो. आणि आधी टाकी मोजून आणा."

गृहस्थ स्पंज घेऊन फार अपमानित चेहऱ्याने गेले. निरीक्षकांना त्यांच्याबद्दल मनापासून सहानुभूती वाटली.

दुकानदार परत आत आला आणि बाह्या दुमडू लागला. "बोला साहेब. ठेवायचा का न्यायचा? एकदा यात सोडला की परत काढून देणार नाही. बाकीच्यांना त्रास होतो."

निरीक्षक टबावर वाकले. मासा बुडाशी चिकटून होता. त्यांनी सवयीने खिशातून वही काढली, आणि तिचं पान उघडल्याचा आवाज झाला तसा मासा हलला, टबाच्या कडेने वर सरकला आणि त्यांच्या हाताजवळ, आडवा, अगदी सरळ होऊन थांबला. मोजायला.

बायकोने ते पाहिलं. तिने आजवर हे पाहिलंच नव्हतं. तिने ओला टॉवेल पिळायला घेतला, आणि तो पिळून कोरडा झाला तरी पिळतच राहिली.

"आकडे पुरेसे नाहीत का अजून?" ती हळूच म्हणाली. यात टोमणा नव्हता.

निरीक्षकांनी समोरच्या टाकीची लांबी नजरेने घेतली. मग नजरेवर विश्वास न ठेवता खिशातली टेप काढून मोजली. दोनशे चव्वेचाळीस. रुंदी नव्वद. त्यांनी टेप गुंडाळली, वही मिटली, आणि वहीसकट हात पाठीमागे घेतले.

"ठेवा," ते म्हणाले.